पेशीतली मोडतोड आणि आपले आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत पेशी शिकताना सगळा भर ती काय काय बनवते यावर असतो. बनवलेलं मोडीत कसं काढायचं, हा भाग दोन ओळींत उरकतात. आजारांबद्दल गेल्या तीसेक वर्षांत जे नवं कळलं, त्यातला बराच हिस्सा मात्र या मोडीच्या कामातून आला आहे. व्याख्यान संपल्यावर लोक गाठून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

पेशीतला कचरा म्हणजे नेमकं काय?

मुख्यतः खराब झालेली प्रथिनं. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि तिची घडी ठरावीक पद्धतीनेच पडावी लागते. घडी चुकली किंवा नंतर उसवली, की आत दडलेले चिकट भाग उघडे पडतात आणि ते प्रथिन दिसेल त्याला जाऊन चिकटतं. याखेरीज झिजलेली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिका. फाटक्या पटलांचे तुकडे. कधी आत शिरलेले जंतूसुद्धा.

धडधाकट प्रथिनंही मोडीत निघतात, हे मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. सायक्लिन नावाची प्रथिनं पेशीला विभाजनाकडे ढकलतात. ढकलून झाल्यावर ती तिथेच ठाण मांडून बसली तर विभाजन पुरं होणार कसं? काम झालं की त्यांना मोडावंच लागतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण २०० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडलं जातं आणि जवळपास तेवढंच नव्याने बनतं. इतकं प्रथिन आपण खात नाही. नव्या बांधकामाचा बराचसा माल जुन्याच्या मोडीतून येतो. म्हणून ‘कचरा’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतेय. ‘भंगार’ जास्त जवळचा आहे, कारण त्याला किंमत असते.

हे काम करतं कोण?

दोन यंत्रणा. सुटी प्रथिनं प्रोटिओसोमकडे जातात. हा एक पोकळ पिंपासारखा रेणुसमूह आहे. प्रथिनाची साखळी एका टोकाने आत ओढली जाते आणि तुकडे होऊन बाहेर पडते. कोणाला आत घ्यायचं हे एका चिठ्ठीवरून ठरतं. ती चिठ्ठी म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन. अशा चिठ्ठ्यांची माळ लागली की त्या प्रथिनाचे दिवस भरले. हा शोध लावणाऱ्या एरॉन चिखॅनोव्हर, अव्राम हर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पिंपाच्या तोंडात न मावणारा माल, म्हणजे गुठळ्या, अख्खी मायटोकॉन्ड्रिया, जिवाणू वगैरे, दुसऱ्या वाटेने जातो. त्याच्याभोवती दुहेरी पटलाची पिशवी विणली जाते आणि ती पिशवी लायसोसोममध्ये रिकामी होते. लायसोसोममध्ये पचवणारी पन्नासहून जास्त विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आम्लात भिजत पडलेली असतात. या दुसऱ्या वाटेचं नाव ऑटोफॅजी.

पाठ्यपुस्तकात लायसोसोमला ‘आत्मघाती पिशवी’ म्हटलंय. ते बरोबर आहे का?

नाव झकास आहे, पण दिशाभूल करतं. लायसोसोम फुटून पेशी मरते असं कधीकधी घडतं. त्याचं रोजचं काम ते नाही. शिवाय पेशीत अन्न किती शिल्लक आहे याचा हिशेबही याच पिशवीच्या पृष्ठभागावर होतो, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत कळलं. पाठ्यपुस्तकं अजून तिथवर पोचलेली नाहीत.

लायसोसोमचा शोध लागला तो मात्र एका फसलेल्या मोजमापातून. बेल्जियममध्ये ख्रिस्तियान द द्यूव्ह यांचा गट इन्सुलिनवर काम करत होता. यकृताच्या पेशी कुटून त्यांनी एका विकराची क्रिया मोजली, ती अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी भरली. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले. काही दिवसांनी पुन्हा मोजली तर भरपूर! विकर कुठल्यातरी पिशवीत बंद होतं आणि शिळं होताना पिशवी फुटली, हा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. चुकलेला आकडा वहीत खोडून पुढे जाणारा कुणी असता तर हे राहूनच गेलं असतं.

ऑटोफॅजीचा शोध यीस्टमध्ये लागला असं वाचलं. यीस्टचा आणि माणसाचा काय संबंध?

शब्द आधीचा आहे, तो द द्यूव्ह यांनीच १९६३ मध्ये दिला. पण त्यामागची जनुकं कोणती हे पुढची तीस वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. योशिनोरी ओसुमी यांनी टोकियोमध्ये यीस्ट घेतलं, कारण त्याची रिक्तिका आपल्या लायसोसोमचंच काम करते आणि साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ठळक दिसते. अडचण एवढीच की तिच्यात पडलेला माल लगेच पचतो. बघायला काही उरतच नाही. मग त्यांनी पचवणारी विकरंच नसलेलं यीस्ट निवडलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली. त्या गोळ्या आत एकसारख्या थरथरत, वळवळत होत्या. मोरी तुंबवली की पाणी कुठून कुठून येतं ते कळतं, तसलाच हा प्रकार.

हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, गोळ्या न जमणारे यीस्टचे बिघडलेले वाण शोधून त्यांनी पंधरा जनुकं हेरली. त्यांतल्या बहुतेकांची भावंडं माणसात सापडली. यीस्ट आणि आपण वेगळे झालो त्याला शंभर कोटींहून अधिक वर्षं लोटली, तरी ही यंत्रणा जवळपास तशीच राहिली. २०१६ चं वैद्यकाचं नोबेल ओसुमी यांना एकट्याला मिळालं.

मोडीची यंत्रणा बिघडली की मेंदूच्याच आजारांचं नाव का घेतात?

कातडीची किंवा आतड्याची पेशी विभागते तेव्हा साठलेलं भंगार दोघींत वाटलं जातं. शिवाय जुन्या पेशी गळूनही पडतात. चेतापेशीला ही सोय नाही. ती विभागत नाही आणि आयुष्यभर टिकते, त्यामुळे तिला सगळं घरातल्या घरात निस्तरावं लागतं. त्यातून तिचा तंतू कधीकधी मीटरभर लांब, आणि पचवायला तयार असलेले लायसोसोम बहुतांशी दुसऱ्या टोकाला, केंद्रकाजवळ. तिथवर माल वाहून न्यायचा.

२००६ मध्ये दोन जपानी गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतून ऑटोफॅजीचं एकेक जनुक काढून टाकलं. बाकी काही केलं नाही, कुठलं विषारी प्रथिनही घातलं नाही. तरी त्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या जमल्या, उंदरांची चाल बिघडली आणि पेशी मरू लागल्या. रोजची झाडलोट बंद पडणंच पुरेसं होतं.

अल्झायमर्सबाबत राल्फ निक्सन यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाचं २०२२ चं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. अल्झायमर्ससारखी लक्षणं असलेल्या उंदरांच्या पाच वाणांत त्यांनी पाहिलं, की पेशीबाहेर अमायलॉइड या चिकट प्रथिनाचे थर दिसण्याच्या कितीतरी आधी लायसोसोममधलं आम्ल फिकं पडतं. आम्ल नाही तर पचन नाही. न पचलेल्या पिशव्या फुगून केंद्रकाभोवती पाकळ्यांसारख्या दाटतात, आणि अमायलॉइड आधी त्यांच्यातच साठतं. वर्षानुवर्षं सगळे बाहेरच्या थरांकडे बोट दाखवत होते. हे चित्र खरं असेल तर ते थर म्हणजे बऱ्याच अंशी मेलेल्या पेशींचे अवशेष. माणसाच्या अल्झायमर्सने दगावलेल्या मेंदूंतही अशा पाकळ्या दिसल्या. तिथे हाच क्रम असतो का, हे मात्र मेलेल्या मेंदूवरून ठरवणं कठीण.

पार्किन्सन्सचा मायटोकॉन्ड्रियाशी काय संबंध?

ही गोष्ट मी नेहमी सविस्तर सांगते, कारण इतकी नीट उलगडलेली साखळी क्वचित मिळते.

काही कुटुंबांत पार्किन्सन्स तरुणपणीच होतो. १९९८ मध्ये अशा जपानी कुटुंबांत पार्किन नावाचं जनुक बिघडलेलं सापडलं, आणि २००४ मध्ये आणखी काही कुटुंबांत पिंक-१. दोन जनुकं, आजार एकच. २००६ मध्ये फळमाश्यांनी दुवा जुळवला. यातलं कुठलंही एक जनुक नसलेल्या माशीचे उडण्याचे स्नायू झडतात, मायटोकॉन्ड्रिया सुजतात, पंखांची ठेवण वाकडी होते. पिंक-१ नसलेल्या माशीला जास्तीचं पार्किन दिलं की ती सुधारते. उलट केलं तर सुधारत नाही. म्हणजे पिंक-१ हुकूम देतं आणि पार्किन तो बजावतं.

हुकूम कसला, ते २००८ पासून कळत गेलं. निरोगी मायटोकॉन्ड्रियॉन (मायटोकॉन्ड्रियाचं एकवचन) पिंक-१ ला सतत आत ओढून घेतं आणि तिथे त्याचे तुकडे होतात, त्यामुळे बाहेर ते जवळपास दिसतच नाही. मायटोकॉन्ड्रियॉनची वीज गेली, म्हणजे त्याच्या पटलावरचा विद्युतभार उतरला, की ही ओढ थांबते. पिंक-१ दारातच अडकून साचतं. तेच धोक्याचं निशाण. ते पाहून पार्किन धावत येतं, युबिक्विटिनच्या चिठ्ठ्या पटापट डकवतं आणि अख्खं मायटोकॉन्ड्रियॉन पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे रवाना होतं. प्रयोगशाळेत चमकणारं पार्किन घातलेल्या पेशींवर वीज उतरवणारं रसायन टाकून हे डोळ्यांनी बघता येतं: आधी सगळ्या पेशीभर धुक्यासारखा पसरलेला हिरवा रंग तासाभरात ठिपक्याठिपक्यांनी मायटोकॉन्ड्रियांवर गोळा होतो.

बहुतेक रुग्णांत ही दोन जनुकं शाबूत असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्यांच्यात हीच वाट वयाने किंवा अन्य कारणांनी मंदावते का, त्यावर काम चालू आहे.

गोशे रोग आणि पार्किन्सन्स यांचा संबंध कसा काय?

गोशे रोगात लायसोसोममधल्या एका विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यामुळे एक स्निग्ध पदार्थ पचत नाही; प्लीहा आणि यकृत फुगतात, हाडं दुखतात. बाहेरून विकर देण्याचा उपचार १९९१ पासून आहे. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की या रुग्णांच्या नातेवाइकांत, ज्यांची एकच प्रत सदोष आहे आणि ज्यांना गोशे झालेलाच नाही त्यांच्यात, पार्किन्सन्स जरा जास्त दिसतो. आज हा बिघाड पार्किन्सन्सच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या जनुकीय धोक्यांत मोडतो. एक सदोष प्रत असलेल्या बहुतेकांना मात्र पार्किन्सन्स कधीच होत नाही.

खोकल्याच्या औषधातलं अ‍ॅम्ब्रोक्सॉल या विकराची घडी सावरतं, म्हणून त्याची पार्किन्सन्सवर चाचणी चालली आहे. चाचणीतले डोस खोकल्याच्या डोसाच्या कितीतरी पट आहेत. घरी प्रयोग नको.

कर्करोगात ऑटोफॅजी वाढलेली चांगली की कमी झालेली?

कोणत्या टप्प्यावर विचारता त्यावर आहे. सुरुवातीला ती राखण करते: बेक्लिन-१ या ऑटोफॅजीच्या जनुकाची एक प्रत काढलेल्या उंदरांत आपोआप गाठी होण्याचं प्रमाण वाढतं. पण गाठ वाढली, आत रक्तपुरवठा तोकडा पडला, की कर्करोगाच्या पेशी याच यंत्रणेवर तगून राहतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे विशेष दिसतं. म्हणून ‘ऑटोफॅजी वाढवा, कर्करोग टाळा’ असं सरसकट सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

प्रोटिओसोमची बाजू जास्त ठोस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा पॅपिलोमा विषाणू पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी-५३ या रखवालदार प्रथिनाला स्वतः मारत नाही; त्याचं एक प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकडून पी-५३ वर चिठ्ठी लावून घेतं, आणि पेशी आपल्या हाताने आपला रखवालदार पिंपात टाकते. उलट मल्टिपल मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगात, हीच यंत्रणा औषधाच्या कामी आली. त्या पेशी प्रतिपिंडांचं अफाट उत्पादन करतात, साहजिकच त्यांचं भंगारही अफाट. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बोर्टेझोमिब प्रोटिओसोमच बंद पाडतं. इतर पेशी कशाबशा निभावतात, मायलोमाच्या पेशी आपल्याच भंगारात गुदमरतात.

चांगली वस्तूही चुकून फेकली जाते का?

जाते, आणि त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार. पेशीच्या पटलावर क्लोराइड वाहून नेणारं १४८० अमिनो आम्लांचं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. बहुतेक रुग्णांत त्यातलं फक्त ५०८ वं अमिनो आम्ल गळालेलं असतं. एवढ्याने प्रथिनाच्या घडीला जरासा बाक येतो. ते पटलावर पोचलं तर थोडंफार काम करेलही. पण पेशीची तपासणी कडक. ती बाक बघते आणि जवळजवळ सगळा माल आतल्या आतच मोडीत काढते. पटलावर काही पोचतच नाही आणि फुप्फुसात घट्ट चिकट द्रव साचत राहतो.

हे कळलं ते एका साध्या प्रयोगातून. १९९२ मध्ये अशा पेशी ३७ ऐवजी २७ अंशांवर वाढवल्या, आणि प्रथिन पटलावर दिसू लागलं. थंडीत घडी सावकाश, नीट बसली. माणसाला २७ अंशांवर ठेवता येत नाही, तेव्हा थंडीचं काम करणारा रेणू शोधायचा! त्याला बरीच वर्षं लागली. दोन रेणू घडी सावरतात, तिसरा वाहिनीचं दार उघडं धरतो. ही तिहेरी गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाली आणि असंख्य रुग्णांचं जगणं पालटलं.

थॅलिडोमाइड पुन्हा वापरात आहे, हे खरं?

खरं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध गर्भवतींनी घेतलं आणि दहा हजारांहून जास्त बाळं व्यंगं घेऊन जन्मली. १९६१ पासून ते मागे घेतलं गेलं. ते नेमकं काय करतं हे कळायला २०१० उजाडलं. ते चिठ्ठी लावणाऱ्या यंत्रणेच्या सेरेब्लॉन या भागावर जाऊन बसतं, आणि मग ती यंत्रणा भलत्याच प्रथिनांना चिठ्ठ्या लावू लागते. गर्भात ती प्रथिनं हात-पाय घडवण्याच्या कामात असतात. मायलोमाच्या पेशीत मात्र, याच औषधाच्या लेनॅलिडोमाइड या भावंडामुळे, त्या पेशीला जगवणारी प्रथिनं मोडीत निघतात. गर्भधारणा टाळण्याच्या कडक अटींवरच ही औषधं दिली जातात.

यातूनच औषधांची नवी जात उभी राहतेय: दोन तोंडांचे रेणू, एक तोंड रोगकारक प्रथिनाला धरणारं, दुसरं चिठ्ठीवाल्या यंत्रणेला. अशा रेणूंची कल्पना २००१ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली गेली. प्रथिनाला नुसतं अडवण्याऐवजी ते मोडूनच टाकायचं, आणि एकच रेणू हे काम पुन्हापुन्हा करतो.

क्षयाचा याच्याशी संबंध आहे?

आहे. क्षयाचा जिवाणू भक्षकपेशीत शिरतो आणि आपली पिशवी लायसोसोमला मिळू देत नाही. पोटात जाऊनही पचत नाही. २००४ मध्ये दिसलं की ऑटोफॅजी चेतवली तर ती पिशवी लायसोसोमपर्यंत पोचते. आतड्याच्या क्रोन्स आजारातही ऑटोफॅजीच्या एका जनुकातला बारीक फरक २००७ मध्ये सापडला.

उपवास केला की ऑटोफॅजी सुरू होते ना?

ती बंद कधीच नसते, कमीजास्त होते. उपाशी उंदराच्या यकृतात ती एका दिवसात ठळक वाढते, हे पक्कं. व्यायामाने उंदरांच्या स्नायूंत वाढते, हेही. पण उंदराचा एक दिवसाचा उपवास म्हणजे माणसाचा एक दिवस नव्हे. तेवढ्यात त्याचं वजन लक्षणीय उतरतं. ‘सोळा तास झाले की ऑटोफॅजीचं बटण दाबलं जातं’ असे जे तक्ते फिरतात, ते माणसांवर मोजून काढलेले नाहीत. उपवासाचे इतर फायदे असतील, तो वेगळा विषय. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब उपवास नकोच.

रक्त तपासून माझी ऑटोफॅजी मोजता येईल का?

सध्या दवाखान्यात विसंबून राहावी अशी चाचणी नाही. आणि अडचण फक्त यंत्रांची नाही. समजा पेशीत पिशव्या खूप दिसल्या. काम जोरात चाललंय म्हणून, की पुढे लायसोसोम तुंबलाय म्हणून? नुसता साठा मोजून कळत नाही, वाहतं किती ते मोजावं लागतं. त्यासाठी पेशीला औषध घालून वाट मुद्दाम अडवावी लागते. पेट्रीच्या बशीत ते जमतं.

रॅपामायसिन घेऊन म्हातारपण लांबतं म्हणतात. घ्यावं का?

मनाने नको. हे औषध पेशीतल्या टॉर नावाच्या प्रथिनाला रोखतं. टॉर म्हणजे अन्न मुबलक असताना ‘बांधा, मोडू नका’ असं सांगणारा मुकादम. तो गप्प झाला की मोडीचं काम वाढतं. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना ते दिलं तर नरांचं आयुष्य सुमारे ९ टक्के आणि माद्यांचं १४ टक्के वाढलं. माणसात मात्र ते १९९९ पासून वापरलं जातं ते मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबायला. तोंडात फोड, रक्तातली चरबी वाढणं, संसर्ग हे सगळं त्यासोबत येतं.

याचा जन्म रापा नुई बेटावरून १९६४ च्या मोहिमेत आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून झाला. माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने ते वेगळं केलं. कंपनीने तिथली प्रयोगशाळा गुंडाळली आणि काम थांबवलं, तेव्हा सेहगल यांनी जिवाणूची कुपी घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवली. काही वर्षांनी व्यवस्थापन बदललं आणि ती कुपी पुन्हा बाहेर निघाली.

‘पेशींची सफाई’ करणाऱ्या पावडरी?

पैसे वाचवा.

आतलं सगळंच मोडून टाकलेली पेशी असते का?

एका शाळकरी मुलीने विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. असते: तांबडी रक्तपेशी. तयार होताना ती आपलं केंद्रक बाहेर टाकते, मग ऑटोफॅजीने एकूण एक मायटोकॉन्ड्रिया पचवते. उरते ती हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवी, बारीक केशिकांतून मुडपत जाणारी. आता दुरुस्ती नाही, नवी प्रथिनं नाहीत. सुमारे १२० दिवस ती फिरते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षकपेशी तिला गिळतात, त्यांच्या लायसोसोममध्ये ती मोडीत निघते आणि तिच्यातलं लोह अस्थिमज्जेत पुढच्या रक्तपेशीसाठी परत जातं.